गाडी सुरू होत नाही? आधी मोजा, मग बॅटरी बदला

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. या कंपनीची पद्मिनी आणि १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्यांनी मध्यमवर्गाच्या दारात मोटार आणली. पद्मिनीचे उत्पादन केव्हाच थांबले, मारुती ८००चे २०१४ मध्ये. तरीही अनेक घरांसमोर अशा जुन्या गाड्या जिवापाड जपलेल्या दिसतात. त्यांच्याविषयीची नेहमीची तक्रार एकच : सकाळी सेल्फ लागत नाही. त्यावरचा उपायही ठरलेला : नवी बॅटरी. काही हजार रुपये खर्च होतात आणि आठवडाभरात गाडी पुन्हा अडते, तेव्हा दोष दुसरीकडेच होता हे ध्यानात येते.

बॅटरी सेल्फला वीज पुरवते, सेल्फ इंजिन फिरवतो आणि इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर बॅटरीची झीज भरून काढतो. जुन्या फियाटमध्ये हे काम डायनॅमो व त्याचा कटआउट करीत. या साखळीतील कोणतीही कडी निकामी झाली, तरी बॅटरीच उतरते. म्हणून बॅटरी उतरणे हे लक्षण आहे. कारण शोधावे लागते.

लक्षणे ओळखा

हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलचा जोड सैल आहे, असा संशय घ्यावा. दिवे तेजस्वी राहून केवळ ‘टक’ असा आवाज आला, तर सेल्फचा सोलेनॉइड किंवा कार्बन तपासावेत. आवाजच नसेल, तर इग्निशन स्विच व त्याची वायर पाहावी. इंजिन जोमाने फिरूनही पेटत नसेल, तर बॅटरीला दोष न देता पेट्रोलचा पुरवठा, प्लग आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट तपासावेत.

उन्हाळ्याची झळ

सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. या उष्णतेने बॅटरीतील पाणी लवकर उडते, आतील प्लेटही झिजतात. हे नुकसान अनेकदा थंडीतल्या सकाळी उघड होते, कारण तेव्हा इंजिनमधील तेल घट्ट झालेले असते आणि सेल्फला अधिक जोर लागतो. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पातळी पाहून केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार बॅटरीचे आयुष्य घटवितात.

काहीशे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर येथे उपयोगी पडतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवीत असेल, तर ती भरलेली आहे. आकडा १२ किंवा त्याखाली असेल, तर ती जवळजवळ रिकामी आहे. सेल्फ मारताना आकडा ९.६ व्होल्टच्या बराच खाली कोसळला, तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजावे. तरीही तो कोसळत असेल, तरच बॅटरी बदलण्याचा विचार करावा.

जोड आणि अर्थिंग

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. जोड कोरडा करून घट्ट आवळावा व वर व्हॅसलिन लावावे. बॅटरीकडून बॉडी व इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी अनेकदा गंजलेली असते. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर दोष या पट्टीतच शोधावा.

चार्जिंगची परीक्षा

अल्टरनेटर असलेल्या गाडीचे इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. कमी मिळत असतील, तर प्रथम पट्टा पाहावा; तो सैल, तडकलेला किंवा तेलकट असू शकतो. पट्टा ठीक असेल, तर अल्टरनेटरचे कार्बन, डायोड आणि रेग्युलेटर यांची पाळी येते. आकडा १५च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडल्याने बॅटरी ‘उकळत’ आहे, असे समजावे. चालू इंजिनवर टर्मिनल काढून चार्जिंग पाहण्याची पद्धत डायनॅमोच्या काळातील आहे. अल्टरनेटरचे डायोड त्याने जळू शकतात.

सर्व आकडे योग्य असूनही दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरत असेल, तर डिकीचा दिवा, नंतर बसविलेला म्युझिक सिस्टीम वा हॉर्नचे वायरिंग यांतून वीज गळत असण्याची शक्यता असते. एकेक फ्यूज काढून ती जागा वायरमनकडून शोधून घ्यावी.

सावधगिरी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे जवळ काडी वा विडी पेटवू नये. आतील आम्लापासून डोळे जपावेत. बॅटरी काढताना आधी ऋण टर्मिनल सोडवावे आणि बसविताना ते शेवटी जोडावे.

धावत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. पंढरपूर वा तुळजापूरच्या वाटेवर रात्री अल्टरनेटर बंद पडला, तर हेडलाइट आणि इंजिनची ठिणगी दोन्ही बॅटरीवरच चालतात. ती संपली, की गाडी अंधारात थांबते आणि मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसतही नाही. म्हणून लांबच्या प्रवासापूर्वी व्होल्टचे आकडे आणि पट्टा एकदा तपासून घ्यावा.