बांधापलीकडची बिळे

इतिहास म्हटला म्हणजे गड, तह आणि तलवारी यांचीच अपेक्षा आपण करतो, आणि आज मी तर बिळांविषयी बोलणार आहे. कित्येकांना हसू येईल. परंतु ज्या बिळात एका दहा वर्षांच्या मुलाचा पाय अडकून मोडला, ते बीळ कोणाच्या हद्दीतले, हा प्रश्न एके काळी माझ्यासमोर उभा राहिला, आणि त्याचे उत्तर धुंडाळता धुंडाळता मी पुष्कळ मागे गेलो. तेच आज सांगावयाचे आहे.

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर राजूर हे गाव लागते. डांगी जनावरांच्या प्रदर्शनाकरिता त्याचे नाव पुष्कळांच्या कानांवर असेल. त्याच्या आसपासच्या एका खेड्यात मी शिक्षक होतो. शाळेचे मैदान लहान, पण मुलांनी आपल्या हातांनी दगड वेचून सपाट केलेले. त्याच्या एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला सरकारी गायरान. मध्ये दगडांचा एक जुना ताल आणि त्यावर माजलेली घाणेरी. कार्तिकात भात कापून झाला की आठ-पंधरा दिवसांत मैदानावर ताज्या मातीचे ढीग उठू लागत. ही घुशींची करामत. घूस रात्री बाहेर येते आणि दिवसा बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून घेते. म्हणून ताजा ढीग दिसला की घरधनी आत आहे असे समजावे. आत आडव्या-तिडव्या वाटा, पिलांकरिता एक कोठी आणि धान्याकरिता दुसरी. वर जमीन साबूत दिसते, खाली मात्र पोकळ. खो-खो खेळताना एका मुलाचा पाय त्या पोकळीत गेला आणि नडगीचे हाड मोडले.

आम्ही मैदानावरची बिळे बुजवली. आठवड्यात ती पुन्हा उघडली. पुन्हा बुजवली, पुन्हा उघडली. मग ध्यानात आले की आमच्या मैदानावर घूस राहतच नव्हती, ती केवळ येत होती. तिचे घर तालाखाली आणि गायरानात होते. गायरानाविषयी एका कचेरीत अर्ज केला, तेव्हा तो विषय दुसऱ्या कचेरीचा असे कळले, आणि दुसऱ्या कचेरीने तो सन्मानपूर्वक पहिलीकडे परत केला. शेतकरी म्हणत, "गुरुजी, आमच्या खाचरात आम्ही मारतो, पण गायरानातल्या कोणी माराव्या?"

हा प्रश्न इंग्लंडातही फार जुना आहे. तेथे आमच्या घुशीची जागा मोल नावाचा एक मखमली अंगाचा, जवळजवळ आंधळा प्राणी घेतो. तो आपल्या महाराष्ट्रात नाही; हिंदुस्थानात त्याचे भाईबंद हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत तेवढे आढळतात. तो धान्य खात नाही, गांडुळे खातो. परंतु कुरणे आणि मैदाने उकरून टाकण्यात आमच्या घुशीला हार जात नाही. १७०२ च्या प्रारंभी राजा तिसऱ्या विल्यमचा घोडा अशाच एका मातीच्या ढिगाला अडखळला, राजा पडला, गळपट्टीचे हाड मोडले आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. त्याचे शत्रू पुढे काळ्या मखमलीतल्या त्या छोट्या गृहस्थाच्या नावाने पेले उंचावीत असत म्हणे! ही गंमत झाली. मला महत्त्वाची वाटली ती त्याच्याही आधीची गोष्ट. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत १५६६ साली तेथे एक कायदा झाला. पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्यांकरिता, त्यांत मोलही आला, बक्षीस देण्याचे काम गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांकडे सोपवले, आणि त्याकरिता पैसा गावातील सर्व जमीनधारकांकडून गोळा करावा असे ठरवले. माझ्या शेतातला मोल आणि तुझ्या शेतातला मोल, हा भेद निदान खर्चापुरता तरी त्यांनी मिटवला.

आपल्याकडे काय घडले ते वॉल्टर इलियट नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवले आहे. हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी धारवाडकडे नेमलेला होता. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या लोकांनी त्याला कैद केले होते, तोच हा. कैदेतून सुटल्यावर त्याने दक्षिण महाराष्ट्र मुलखातील प्राण्यांचा अभ्यास केला आणि १८३९ साली त्यांची एक यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत शेतात राहणाऱ्या मऊ केसांच्या उंदराविषयी तो जे सांगतो, ते प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावे. हा उंदीर उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगांतून राहतो, शेतातल्या दगडांच्या राशीत राहतो, घुशीने सोडलेल्या बिळात राहतो. मृगाचा पहिला पाऊस जोराने पडला की भेगा मिटतात आणि असंख्य उंदीर आतल्या आत गाडले जातात. दरसाल निसर्गच ही खंडणी घेतो. १८२६ साली आरंभीचा पाऊस कमी पडला. भेगा मिटल्या नाहीत, उंदीर वाचले, आणि त्यांची इतकी वीण झाली की पेरलेले बी जमिनीत राहिना. पुढे ज्वारी पक्वतेस आली तेव्हा ते ताटांवर चढून कणसे तोडू लागले. शेतेच्या शेते अशी उजाड झाली की रयतेला सारा भरता येईना. तेव्हा रयतेने वडार लोकांना बोलावले. भूमी खणण्याच्या विद्येत यांचा हात धरणारा दुसरा कोण? डझनावारी उंदरांमागे मापभर धान्य अशी मजुरी ठरली. वडारांनी हजारो उंदीर मारले. आणि उंदरांच्या संख्येत काही फरक पडल्याचे दिसले नाही.

हे शेवटचे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. मारणाऱ्यांनी कसूर केली नव्हती. परंतु मजुरी मेलेल्या उंदरांवर होती, रिकाम्या झालेल्या जमिनीवर नव्हती. एक शेत साफ केले की शेजारच्या पडीतून, दगडांच्या राशीतून, नाल्याच्या काठातून नवे भाडेकरू येत. ज्या जमिनीसाठी कोणी मापभर धान्य देणारा नव्हता, तेथे त्यांची वीण निर्वेध चालली होती.

पुढे १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. त्यातून दख्खन सावरते न सावरते तोच १८७८-७९ च्या हंगामात उंदरांनी पिके गाठली, आणि त्यात आमचा नगर जिल्हाही होता. दुष्काळातून जगलेल्या माणसाच्या तोंडचा घास, तोही हाताशी आल्यावर गेला. याची कल्पना शहरातील श्रोत्यांनी करून पाहावी. नगर जिल्ह्यात राहणारे अमेरिकन मिशनरी फेअरबँक यांना पशुपक्ष्यांची मोठी आवड होती. त्यांनी या उपद्रवाविषयी लिहून ठेवले आहे. सरकारने उंदरांवर बक्षिसे लावली. म्हणजे मापभर धान्याच्या जागी नाणे आले. तत्त्व मात्र तेच राहिले.

या तत्त्वाची पुरती फजिती झाली ती हनोई शहरात. १९०२ साली तेथील फ्रेंच अंमलदारांनी उंदराच्या शेपटीमागे इनाम जाहीर केले. शेपट्या ढिगांनी येऊ लागल्या, आणि काही दिवसांनी शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले! लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, जेणेकरून त्याची प्रजा वाढत राहावी. कोणी कोणी तर उंदीर पाळूही लागले. मला त्या लोकांना दोष देववत नाही. सरकारने जे मागितले तेच त्यांनी दिले.

मधल्या काळात उंदराकडे पाहण्याची आपली दृष्टीच पालटली होती. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसवांतून रोग पसरतो हे कराचीत प्रयोगाने दाखवले. तेव्हापासून घरातल्या उंदरामागे नगरपालिका आणि सरकार लागले. गायरानातली घूस मात्र पूर्वीप्रमाणेच बेवारशी राहिली. आमच्या प्रवरेच्या काठी आणखी एक बदल झाला. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि खालच्या भागात बारमाही पाणी खेळू लागले. पाणी आले, ऊस आला, ओलावा आला. पूर्वी चैत्र-वैशाखात उपाशी मरणाऱ्या प्राण्याला पाटाच्या भरावात वर्षभर घर आणि शेजारीच जेवण मिळू लागले. हा धरणाचा दोष नव्हे. परंतु हिशेबात धरावयास हवे.

आता आमच्या मैदानाकडे परत येतो. त्या मुलाचे हाड सांधले, पण पुढल्या उन्हाळ्यापर्यंत तो पळाला नाही. वैशाखात, शेतात दाणा नसतो आणि घूस भुकेली असते अशा वेळी, गावची बैठक भरवली. मी इलियटची गोष्ट सांगितली. एक वृद्ध महादेव कोळी गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तेव्हाही बांधावर कोणी हात घातला न्हाई तर!" शंभर पानांचे सार त्यांनी एका वाक्यात काढले. ठरले ते असे की एकाच दिवशी खाचरांचे बांध, मैदान आणि गायरानाची कड ही तिन्ही हाताळावयाची; परवानगीचा कागद येईल तेव्हा येवो. मुले खेळतात तेथे विष घालावयाचे नाही, ही माझी अट होती. घाणेरी मुळासकट काढली. जुना ताल उलगडून दगड पुन्हा मातीविना घट्ट रचले. बिळे कुदळीने शेवटच्या कोठीपर्यंत खणली. एका कोठीत भाताच्या लोंब्या इतक्या नीट रचून ठेवलेल्या निघाल्या की बायकांनी त्या सुपात घेऊन पाखडल्या. लांबच्या बांधांवर, जेथे पोर वा जनावर फिरकत नाही, तेथे शेतकऱ्यांनी आधी दोन-तीन दिवस तेल लावलेली साधी भरड ठेवली, आणि घुशी निर्धास्त झाल्यावर तीत झिंक फॉस्फाईड शंभर भागांत दोन भाग मिसळून बिळात सारले. हे विष फार तीव्र आहे. मेलेले प्राणी वेचून खोल पुरले. दोन धामणी निघाल्या, त्यांना कोणी काठी लावू नये म्हणून मला पुष्कळ आरडाओरडा करावा लागला. शिक्षकाचा घसा असल्या कामी उपयोगी पडतो.

त्या वर्षी कार्तिकात मैदानावर तीन ढीग मोजले. आदल्या वर्षी चाळीसांहून अधिक होते. पुढल्या वर्षी सात झाले. तेव्हा वैशाखात पुन्हा कुदळी निघाल्या, आणि या खेपेस मला बोलावणे धाडावे लागले नाही. गायरानाच्या अर्जाचे उत्तर मी निवृत्त झालो त्याच साली आले. हद्द निश्चित करण्याकरिता मोजणी आवश्यक आहे, असे त्यात कळवले होते.