नासलेल्या दुधाची करंजी

गेल्या विकांताला वणीच्या घरी एक उद्योग करून बसलो. पूर्वी एका प्रोजेक्टवर रोमानियातल्या याश शहरातली टीम आमच्याबरोबर होती. तिथला एक मित्र 'पोआले-न ब्रिउ'चं फार कौतुक करायचा. यीस्ट घालून फुगवलेली कणीक, तिचे चौकोन, मधे गोड ताजं चीज नि बेदाणे, चारी टोकं आत मुडपून ओव्हनमधे भाजायचं. नावाचा अर्थ 'झग्याचा घोळ कमरेला खोचलेला'. म्हणजे आपल्याकडे कामाला लागताना पदर खोचतात, तस्सं! म्हटलं, हे करायलाच हवं.

दिंडोरी तालुका द्राक्षांचा, तेव्हा बेदाणे घरात होतेच. चीजऐवजी छेना करू म्हणून तापल्या दुधात लिंबू पिळायला घेतलं आणि आजी कडाडली, "चांगलं दूध मुद्दाम नासवतोस? आपल्यात नाही चालत! आणि देवीच्या नैवेद्याला तर मुळीच नाही."

आपल्यात नाही चालत... पण कधीपासून? डोक्यात किडा शिरला.

छेना आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आला, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ.स. ११२९ च्या सुमाराचा. म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरला (१४९८) त्याच्या साडेतीनशेहून जास्त वर्षं आधीचा. त्यातल्या अन्नभोगात आपल्या मांड्यांचा पूर्वज 'मंडक' आहे, आणि दूध आंबटाने फाडून, कापडातून गाळून, त्यात तांदळाचं पीठ मिसळून तळलेलं साखरेतलं पक्वान्नही आहे. नाव 'क्षीरप्रकार'. ग्रंथ छापून आला तो बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमधे, १९२५ पासून, श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली.

आता राजाच्या मुदपाकखान्यात होतं म्हणजे वणीत घरोघरी होतं, असं अजिबात नाही. पण 'आपल्यात कधीच नव्हतं' हेही खरं नाही.

मित्राच्या पदार्थाची गोष्टही अशीच लांबची. अशा भरलेल्या पदार्थांना रोमानियात 'प्लाचिंता' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द 'प्लासेंटा'. हो, तोच! गर्भाच्या वारेला हे नाव मिळालं ते या चपट्या पदार्थावरून. इ.स.पू. दुसऱ्या शतकात रोमन केटोने शेतीवरच्या पुस्तकात त्याची कृती दिलीय: मेंढीच्या दुधाचं चीज १४ पौंड, मध साडेचार पौंड. पुढे इ.स. १०६ मधे सम्राट ट्रेजनने डाशिया, म्हणजे आजच्या रोमानियाचा बराच भाग जिंकला आणि लॅटिन भाषा तिथे रुजली.

असो. आजीसमोर हा सगळा इतिहास वाचून दाखवला. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने माझे वेडेवाकडे चौकोन ओढून घेतले. "टोकं अशी सोडतात होय? सारण बाहेर येईल." पाण्याचं बोट लावून तिने प्रत्येकाला करंजीसारखी मुरड घातली. ओव्हनमधून आल्यावर एक तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "करंजी बरी झालीय. सारण आंबट आहे."

केटोनेही हेच सांगून ठेवलंय: चीज पाण्यात भिजवा आणि पाणी तीनदा बदला. मी छेना एकदाही धुतला नव्हता!

नैवेद्याला मात्र त्या दिवशी खोबऱ्याच्याच करंज्या झाल्या. आजीला ९०० वर्षांचा पुरावा मान्य आहे. फक्त देव्हाऱ्यात नाही.