नेपल्सचे ‘आळशी’ लोक

‘सैतानांनीं वसविलेला स्वर्ग’ अशी नेपल्स शहराची ख्याति युरोपांत फार जुनी होती. निळा समुद्र, धुमसणारा व्हेसुव्हियस आणि जवळच पाँपीचे अवशेष, हा झाला स्वर्ग. आणि लाझारोनी या नांवानें ओळखले जाणारे तेथील अनवाणी, फाटके लोक, हे सैतान! अठराव्या शतकांत इटलीच्या प्रवासास निघणाऱ्या श्रीमंतांच्या सामानाबरोबर ही समजूतहि नेपल्सला पोंचत असे. फोल्कमान याच्या १७७०-७१ मधील जर्मन प्रवासग्रंथांत तर येथें तीस ते चाळीस हजार निरुद्योगी लोक असल्याचा आंकडाच दिलेला होता.

तोच ग्रंथ जवळ बाळगून गटे हा जर्मन कवि १७८७ च्या फेब्रुवारींत नेपल्सला आला. व्हेसुव्हियस तो तीनदां चढला. पण त्याचें लक्ष अधिक वेधलें तें रस्त्यांनीं. हे हजारों आळशी कोठें आहेत, याचा तो दिवसाच्या निरनिराळ्या वेळीं शोध घेऊं लागला. हमाल ठरलेल्या चौकांत बोलावण्याची वाट पाहत उभे होते. कोळी उन्हांत पडून होते, कारण वारा प्रतिकूल होता. मुलेंहि रिकामीं नव्हतीं. कोणी मासळी विकावयास नेई, कोणी सुतारांच्या कामावरच्या ढलप्या टोपलींत वेंची. कोणी गाढव घेऊन रस्त्यावरची लीद गोळा करी व शहराबाहेरच्या भाजीच्या मळ्यांत पोंचवी. एकदां कांहीं फाटकीं मुलें फरसबंदीकडे तळवे धरून गोल बसलेलीं दिसलीं. लोहारानें तेथें चाकाची धांव तापविली होती. दगडांत उरलेली ऊब तीं घेत होतीं.

कामाची वाट पाहणारा आणि काम टाळणारा, यांतला भेद फोल्कमानला दिसला नाहीं. कडक हिवाळ्यासाठीं सांठवण करणाऱ्या उत्तरेच्या माणसास, उद्यांची चिंता न करणारा दक्षिणेचा मनुष्य आळशी वाटावा, हें गटेनें नेमकें ओळखलें. तथापि त्याचा निर्वाळाहि कांहींसा उदारच म्हटला पाहिजे. इंग्रज वकील हॅमिल्टन याच्याकडे पाहुणचार घेणाऱ्या या प्रवाशानें दारिद्र्याची हंसरी बाजू अधिक पाहिली.

दुसरी बाजू १७९९ च्या जानेवारींत प्रकट झाली. राजा सिसिलीस पळून गेला होता. तेव्हां याच लाझारोनींनीं चालून येणाऱ्या फ्रेंच फौजेशीं तीन दिवस रस्त्यारस्त्यांतून झुंज दिली. आणि त्यापूर्वी, फ्रेंचांचे पक्षपाती म्हणून संशय आलेल्या सरदारांचे वाडे लुटून त्यांतील कांहींस ठारहि केलें.