तहाची कलमे आणि पाखरे

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असायचा. अमुक तहाची कलमे लिहा, गुण पाच. पुरंदरचा, साल्बाईचा, वसईचा, कुठला ना कुठला तह यायचाच. मुले कलमे धडाधड पाठ म्हणायची. तह पुढे पाळला गेला का, कोणी पाळला, कोणी मोडला, हे विचारायला पेपरात जागाच नसे. मीही तीस-एक वर्षे तोच प्रश्न काढत आलो.

आज एका वेगळ्याच तहाबद्दल लिहायचे आहे. १ जुलै १९९३ पासून लागू झालेला हा तह एका पक्ष्यासाठी होता. पुढे त्यावर अकरा देशांच्या सह्या झाल्या: रशिया, चीन, मंगोलिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, अझरबैजान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपला भारत. ज्या देशांचे एरवी एकमेकांशी फारसे पटत नाही तेही या यादीत शेजारी शेजारी आहेत. स्थलांतरी प्राण्यांसाठी १९७९ साली बॉन शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्या छत्राखाली झालेला हा अशा प्रकारचा पहिलाच सामंजस्य करार. पक्षी कोणता, तर सायबेरियन क्रौंच.

पांढराशुभ्र, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा उंच, चेहरा लाल, पंखांची टोके काळी (ती उडतानाच दिसतात). पश्चिम सायबेरियात ओब नदीच्या खोऱ्यातल्या दलदलीत त्याचा एक थवा वीण करायचा आणि हिवाळ्यात कझाकस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून राजस्थानात भरतपूरला उतरायचा. एका बाजूचा प्रवास सुमारे पाच हजार किलोमीटर. वाटेत गझनीजवळ अब-ए-इस्तादा नावाचा खारट तलाव लागतो, तिथे मुक्काम. भरतपूरच्या उथळ पाण्यात चोच खुपसून चिखलातले कंद काढायचे, आई-बाप आणि मध्ये एक पिल्लू असे त्रिकूट करून राहायचे आणि मार्चच्या सुमारास परतीची वाट धरायची, असा त्यांचा क्रम होता.

हे भरतपूरचे केवलादेव घना म्हणजे मुळात संस्थानिकांचे शिकारीचे तळे. अजान बंधाऱ्यातून पाणी सोडून तयार केलेले. तिथे एका दगडी फलकावर शिकारींची यादी कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत ३९ बंदुकांनी ४२७३ पक्षी मारले. एका दिवसात! स्वातंत्र्यानंतर हे तळे आटवून शेतीला द्यावे अशी मागणी होती. तेव्हा ज्यांनी ते वाचवण्यासाठी शब्द टाकला त्यांत डॉ. सलीम अली होते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नाव या जागेशी जोडले गेले ते त्यांच्यामुळे. १९५६ साली तिथे अभयारण्य झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत टिकला.

१९६४-६५ च्या हिवाळ्यात भरतपूरला सुमारे दोनशे सायबेरियन क्रौंच मोजले गेले होते. त्यानंतर आकडा घसरत गेला. तेव्हा जी धावपळ झाली ती वाचली की माणसाबद्दल थोडा आदर वाटू लागतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉवी या दोन तरुणांनी १९७३ साली, सॉवी कुटुंबाच्या घोड्यांच्या फार्मवर, इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन सुरू केले. सॉवी भरतपूरला येऊन राहिले आणि या क्रौंचांवरच त्यांनी डॉक्टरेटचा अभ्यास केला. शीतयुद्ध ऐन भरात होते, तरीही १९७७ साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी याकुतियातली क्रौंचांची अंडी अमेरिकेला पाठवली. विचार असा की, ही मादी दोन अंडी घालते आणि बहुधा एकच पिल्लू जगते, मग दुसरे अंडे उचलून माणसाने वाढवले तर रानातल्या कुटुंबाचे फारसे नुकसान नाही. अण्वस्त्रे रोखून बसलेले दोन देश ऊबदार पेटीतून अंडी पाठवत होते, हे आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आले नाही. यायला हवे होते.

एवढे करूनही काय झाले? १९९२-९३ च्या हिवाळ्यात भरतपूरला फक्त पाच क्रौंच आले. पुढचे दोन हिवाळे एकही नाही. मग पुन्हा चार दिसले तेव्हा सगळ्यांना आशा वाटली. २००१-०२ च्या हिवाळ्यात एकच जोडी आली, आणि २००२ च्या वसंतात ती गेली ती गेलीच. करार लागू होऊन नऊ वर्षे झाली होती.

करार वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण तो ज्या वाटेसाठी होता ती वाट कुठून जात होती पाहा. १९७९ पासून अफगाणिस्तानात लढाई. अब-ए-इस्तादाच्या काठी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या भुकेल्या माणसापर्यंत कलमे पोहोचवणार कोण? पाकिस्तानात कुर्रमच्या खोऱ्यात आणि लक्की मरवतच्या भागात करकोचे जिवंत पकडण्याची जुनी रीत आहे. पाळीव करकोचे आमिष म्हणून बांधायचे, त्यांच्या आवाजाने वरचा थवा खाली आला की टोकाला वजन लावलेली दोरी अंधारात भिरकवायची. पक्षी त्यात गुरफटून पडतो. ही माणसे सायबेरियन क्रौंचाच्या पाठी लागलेली नव्हती, त्यांना साधे करकोचे हवे होते. पण रात्रीच्या अंधारात दोरीला काय कळते?

शिक्षक म्हणून मला एक गोष्ट फार लागली. क्रौंचाच्या पिल्लाला ही वाट उपजत येत नाही, ती आईबापांबरोबर एकदा उडून शिकावी लागते. म्हणजे वाट माहीत असलेली शेवटची जोडी गेली की पाच हजार किलोमीटरचा धडाच पुसला गेला. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले भरतपूरला सोडून पाहिली, पण त्यांना नेणारे कोणी उरले नव्हते. रशियात हँग ग्लायडरच्या मागे पिल्ले उडवून वाट शिकवण्याचे प्रयोग झाले. २०१२ साली खुद्द पुतिन पांढरे कपडे चढवून त्यात बसले होते, ते फोटो पुष्कळांना आठवत असतील. इराणमध्ये कास्पियन समुद्राकाठी तर एकच नर वर्षानुवर्षे एकटा येत राहिला. लोकांनी त्याचे नाव ठेवले ओमीद, म्हणजे आशा. पूर्वेकडचा मोठा थवा, जो चीनमधल्या पोयांग सरोवरावर हिवाळा काढतो, तो मात्र काही हजारांचा आहे. जात वाचली आहे. आपल्याकडे येणारा थवा गेला.

आता भरतपूरचीच दुसरी गोष्ट. १९८१ साली ही जागा रामसर यादीत गेली, राष्ट्रीय उद्यान करण्याचे ठरले आणि १९८२ साली आत गुरे चारायला बंदी आली. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. गावकरी चिडले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि माणसे मेली. पाखरांच्या रक्षणासाठी माणसे मेली! पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तिथे दहा वर्षे अभ्यास केला. त्यातून निघाले ते असे की, म्हशी गेल्यामुळे पाण्यातले गवत बेसुमार माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांची अडचणच झाली. ज्यांना शत्रू समजून बाहेर काढले त्या म्हशी तळे साफ ठेवण्याचे काम फुकटात करत होत्या. हे गावकऱ्यांना आधी विचारले असते तर? त्यांनी शास्त्रीय भाषेत नसते सांगितले, पण सांगितले असते.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही काही शिक्षक मिळून भरतपूरला गेलो होतो, तेव्हा क्रौंच जाऊन काही वर्षे झाली होती. आमचा सायकलरिक्षावाला पन्नाशीचा होता. इथल्या रिक्षावाल्यांना वनखात्याने पक्षी ओळखण्याचे शिक्षण दिलेले आहे, आणि खरोखर तो माणूस नुसत्या आवाजावरून नावे सांगत होता. एका मोकळ्या पाणथळीपाशी रिक्षा थांबवून म्हणाला, "मास्टरजी, यहीं बैठते थे." एवढेच. त्याचा धंदा त्या पाखरांवर होता म्हणून हळहळ असेल, असे आमच्यातले एकजण म्हणाले. असेना का! धंद्यातून का होईना, त्याला त्या पाखराचे जाणे लागले होते. सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांना लागले असेल?

मंडळी, नुसते रडगाणे गाण्यासाठी हे लिहायला घेतले नाही. याच्या अगदी उलट गोष्ट आपल्याच देशात घडली आहे.

नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाले, त्यात पांगती आणि आसपासच्या गावांची शेते बुडाली. शेतकरी मासेमार झाले. त्याच जलाशयाच्या काठी ऑक्टोबरच्या सुमारास अमूर ससाणे लाखांनी उतरू लागले. दीडशे ग्रॅमचा हा पक्षी सायबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. मासे धरायची जाळी झाडांमध्ये टांगली की सकाळी ढीगभर ससाणे मिळत. २०१२ साली बानो हारालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि त्यांच्या सोबत्यांनी हे उजेडात आणले. दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी मारले जात होते असा त्यांचा अंदाज होता. भरतपूरच्या दगडावरचा आकडा त्यापुढे लहान वाटतो.

इथे पोलीस पाठवून भागले नसते. नागालँडमध्ये जमीन आणि जंगल गावाचे असते, संविधानाच्या ३७१-अ कलमाने ती व्यवस्था राखली आहे. म्हणून गावसभांशी बोलणी झाली, चर्चमधून सांगितले गेले, मुलांसाठी वर्ग झाले. शेते बुडाल्याचे गाऱ्हाणेही ऐकावे लागले. गावांनी स्वतः ठराव करून बंदी घातली आणि दंड ठेवला. २०१३ च्या मोसमात दोयांगला जाळ्यात एकही ससाणा मेला नाही. एका वर्षात! काल जाळी टांगणारेच पांगतीत संघ करून ससाण्यांच्या मुक्कामाची राखण करू लागले. त्याच नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेचे आणि हंगेरीचे शास्त्रज्ञ मिळून तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवून गेले. पक्ष्यांची नावे ठेवली नागा, पांगती आणि वोखा. ज्याला आपल्या गावाचे नाव आहे असा पक्षी कोण मारील? ज्याला कोणाला ही नावे सुचली, तो शिक्षक व्हायला हवा होता.

सगळे गोड झाले असे नाही. २०१८ साली मणिपूरमध्ये अशाच एका यंत्र बसवलेल्या ससाण्याची शिकार झाली. पांगतीच्या लोकांना पर्यटनातून मिळते ते शिकारीतल्या कमाईची भरपाई करते का, हाही प्रश्न आहे. मासे आणि शेत दोन्ही गेलेल्या माणसाला नुसत्या कौतुकावर किती दिवस ठेवणार?

हिमालयात याचे जुने उदाहरण सापडते. भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्याला येतात. तिथल्या निसर्ग संरक्षण संस्थेने १९९८ पासून गांगते मठाच्या अंगणात दर वर्षी ११ नोव्हेंबरला क्रौंचांचा उत्सव सुरू केला. शाळेतली मुले क्रौंच होऊन नाचतात. बटाटे पिकवणाऱ्या त्या खोऱ्याला वीज हवीच होती, ती दिली, पण तारा जमिनीखालून नेल्या, कारण उडत्या क्रौंचांना तारा दिसत नाहीत. आपल्याकडे अरुणाचलात न्यामजांग छू नदीकाठी हेच क्रौंच उतरतात. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध स्थानिक लोक हरित लवादाकडे गेले आणि २०१६ साली लवादाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. हेच क्रौंच आपल्याकडे लडाखमध्ये वीण करतात. २०२० साली जागतिक यादीत हा पक्षी आधीपेक्षा कमी धोक्याच्या वर्गात आला.

या सगळ्यातून मला एवढेच दिसते. देशादेशांचे तह लागतातच, त्यांच्याशिवाय अंडी विमानात बसली नसती आणि हंगेरीचा माणूस पांगतीला आला नसता. पण पाखरू देशात उतरत नाही, ते कोणाच्या तरी शेतात, तळ्यात, जाळ्यापाशी उतरते. त्या माणसाची सही ज्या तहावर नाही, तो तह कागदावरच राहतो. आणि त्या माणसाची सही गोळीबार करून मिळत नाही.

यंत्र लावलेले ते ससाणे नागालँडहून निघाले, आंध्र आणि महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रावर गेले आणि न थांबता आफ्रिकेला पोहोचले. म्हणजे आपल्या गावांवरूनही त्यांची वाट आहे. नोव्हेंबरात, दिवाळीची गडबड ओसरली की, एखाद्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन वर बघा. सडसडीत, टोकदार पंखांचे पक्षी पश्चिमेला जाताना दिसले तर नातवंडांना हाक मारा आणि पांगतीचे नाव त्यांना जरूर सांगा.