जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी

22 जून 2003ची रात्र. माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमवर रेआल माद्रिदनं अ‍ॅथलेटिक बिल्बाओला हरवलं आणि स्पॅनिश लीगचं एकोणतिसावं विजेतेपद मिळवलं. दुसऱ्या दिवशी क्लबनं जाहीर केलं की, प्रशिक्षकाचा करार आम्ही वाढवणार नाही. हे प्रशिक्षक म्हणजे व्हिसेंते देल बोस्के. साडेतीन वर्षांत त्यांनी क्लबला दोन युरोपीय विजेतेपदं आणि दोन लीग मिळवून दिल्या होत्या.

खरं सांगायचं तर, ही बातमी वाचून मला तेव्हा विशेष काही वाटलं नाही. संघात झिदान, फिगो, राऊल, रोनाल्डो. असा संघ असला तर बाकावर कोणीही बसावं, असं माझं मत. आदल्या वर्षी ग्लासगोचा अंतिम सामना मी जागून पाहिला होता. आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजल्यावर तो सुरू झाला. झिदाननं डाव्या पायानं हवेतूनच मारलेला तो गोल आजही डोळ्यांपुढे आहे. पण कडेला उभे असलेले ते मिशीवाले, थोराड अंगाचे गृहस्थ? माझं लक्षच नव्हतं.

देल बोस्के सालामांकाचे, जन्म 1950चा. वडील रेल्वेत कारकून. प्रजासत्ताकाच्या बाजूचे म्हणून यादवी युद्धाच्या काळात त्यांनी तुरुंग पाहिलेला. मुलगा पोरसवदा वयात रेआल माद्रिदमध्ये आला आणि मधल्या फळीत खेळू लागला. उंच होता, वेग बेताचा. पण चेंडू कुठे जायला हवा हे त्याला आधी दिसायचं. पाच लीग आणि चार स्पॅनिश चषक त्यानं जिंकले. युरोपीय चषक मात्र हुकला. 1981 साली पॅरिसच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलनं एकमेव गोलनं हरवलं.

त्याआधीच्या वर्षी एक गंमत झाली होती. स्पॅनिश चषकाच्या अंतिम फेरीत रेआल माद्रिदसमोर कोण आलं, तर त्यांचाच दुय्यम संघ, कास्तिया! घरच्याच मैदानावर थोरल्यांनी धाकट्यांना 6-1 असं लोळवलं. देल बोस्के थोरल्यांकडून खेळले. 1984 साली खेळणं थांबवल्यावर ते याच धाकट्यांकडे वळले. क्लबच्या युवा विभागात त्यांनी कितीतरी वर्षं काढली, काही काळ कास्तियाचं प्रशिक्षकपदही सांभाळलं. मुख्य संघाचा प्रशिक्षक हटवला की, नवा मिळेपर्यंत देल बोस्केंना बोलवायचं, असं 1994 आणि 1996 मध्ये झालं. घरात पाहुणे आले की शेजारून खुर्ची आणतो ना, तसं.

नोव्हेंबर 1999 मध्ये पुन्हा बोलावणं आलं. संघ लीगमध्ये घसरलेला, खेळाडूंत धुसफूस. त्या हंगामात संघ लीगमध्ये पाचवाच आला, पण मे 2000 मध्ये पॅरिसला व्हॅलेन्सियाला 3-0 हरवून युरोपचा विजेता झाला. गोलरक्षक होता क्लबच्याच युवा विभागातून आलेला, नुकताच एकोणीस पूर्ण केलेला इकेर कासियास. 2002 मध्ये याच कासियासला अंतिम सामन्यात बाकावर बसवलं होतं. सेसार जखमी झाला, हा मैदानात उतरला आणि शेवटच्या मिनिटांत त्यानं सामना वाचवला. मी मात्र झिदानचा गोलच लक्षात ठेवला.

क्लबचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांचं म्हणणं असं की, देल बोस्के जुन्या वळणाचे आहेत. डावपेच आणि शारीरिक तयारी यांवर भर देणारा माणूस हवा. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला आणि क्लॉड मकलेले चेल्सीला गेला. मकलेले बचावफळीच्या पुढे उभा राहून प्रतिस्पर्ध्याचा चेंडू काढून घेणारा. अशा खेळाडूच्या नावाचे शर्ट फारसे खपत नाहीत. पुढची लीग जिंकायला रेआलला 2007 साल उजाडलं. मध्ये पाच प्रशिक्षक आले नि गेले. सहावे फाबिओ कापेलो यांनी ती जिंकली आणि त्यांनाही क्लबनं लगेच काढलं! खोड जुनीच.

देल बोस्के तुर्कस्तानात बेसिक्तासला गेले. तिथून हंगाम संपण्याआधीच परतावं लागलं. 2008 मध्ये स्पेनचा राष्ट्रीय संघ हाती आला. लुईस आरागोनेस यांनी घडवलेला, नुकताच युरोप जिंकलेला. पुन्हा तोच शेरा: तयार संघ मिळाला, यात याचं काय?

दक्षिण आफ्रिकेतल्या 2010च्या विश्वचषकात पहिलाच सामना स्वित्झर्लंडनं जिंकला आणि स्पेनमध्ये गहजब झाला. सर्जिओ बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो असे दोघे मधल्या फळीत मागे कशाला, एकाला बसवा, अशी ओरड सुरू झाली. रोख बहुतेक बुस्केट्सवर. त्याचं काम मकलेलेच्याच जातीचं, फारसं न दिसणारं. देल बोस्के आवाज न चढवता म्हणाले की, आपण आज खेळाडू असतो तर बुस्केट्ससारखं व्हायला आवडलं असतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की, या माणसानं 2003 साली नोकरीबरोबर आणखी काय गमावलं होतं.

11 जुलैला जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात ते दोघेही पहिल्या अकरांत होते. 116व्या मिनिटाला इनिएस्तानं गोल केला, कर्णधार कासियासनं चषक उचलला. या वेळी मी मुद्दाम पाहत होतो. अलोन्सोला नव्वद मिनिटं पूर्ण होण्याआधी बाहेर बोलावलं, पण बुस्केट्स पूर्ण 120 मिनिटं मैदानात होता.