डांब कुजतो कुठं, आणि साग कुणाचा

भात निघालं की आपल्या रोह्याकडं पहिलं काम वईचं. गुरं मोकाट सुटतात आणि कोवळा वाल एका रात्रीत साफ करतात. परवा बांधावरचा एक डांब सहज हलवला, तर हातातच आला. वरचा भाग खणखणीत, खालचं टोकही बरं. कुजला होता तो फक्त जमिनीलगतचा वीतभर. खोल मातीत हवा कमी आणि वर ओल टिकत नाही. दोन्ही एकत्र मिळतात ते तेवढ्याच जागी, अन् बुरशीचं तिथंच फावतं.

मंडळी, मनात आलं, जंगल दारात असताना आपल्या पणज्यांनी सागाचे, खैराचे डांब सर्रास का नाही पुरले?

साग राजाचा, ही रीत इंग्रजांच्याही आधीची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारा साग हुजूरच्या परवानगीनं तोडावा असं सांगितलंय. आंबा-फणस मात्र रयतेनं लेकरांसारखे वाढवलेले, त्यांना जुलमानं हात लावायचा नाही. पुढं 1878 चा वन कायदा आला आणि राबाला लागणाऱ्या टहाळ्यांपर्यंत तंटे गेले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी ऐकायला 1885 मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला. तरी धग गेली नाही. 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, आपल्याच जिल्ह्यातली माणसं पडली. लाकूड म्हणजे तेव्हा नुसतं लाकूड नव्हतं. आजही 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर आहेत. स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी आधी परवानगी.

पांगारा त्या यादीत नाही. आपल्या जुन्या माणसांनी तोच धरला. मृगाच्या आधी मनगटाएवढी फांदी रोवायची, पावसात मुळं फुटतात. जिवंत डांब कुजायचा प्रश्नच नाही, वर दरवर्षी राबाला पाला. पुढं मध्य अमेरिकेतलं गिरीपुष्प आलं, तेही याच कामाला लागलं. मला तर वाटतं ही अडचणीतून निघालेली युक्ती सागापेक्षा सरस ठरली.

घोळ झाला तो तारेनं. काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं 1874 मध्ये घेतलं. काट्याची वई आपल्या भारानं उभी राहते, डांबाला फक्त आधार द्यायचा असतो. तार मात्र डांबाला रात्रंदिवस ओढते. तिथं वीतभर खड्डा करून कसं भागणार? कोपऱ्यावरचा डांब आधी झुकतो आणि मागची अख्खी रांग ढिली पडते.

माझा गेलेला डांब कोपऱ्यावरचाच होता. त्या जागी मोडलेल्या घरातला ऐनाचा जुना वासा घेतलाय. साडेसात फुटांतला अडीच फूट जमिनीत. तळाला खडी टाकली, म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही. मग वीतवीत माती भरून दर थराला पहारीच्या बुडानं चोपली. सगळी माती एकदम लोटली तर वरून घट्ट वाटते, खाली पोकळच राहते. सिमेंट नाही घातलं. लाकूड वाळून आकसलं की मधल्या फटीत पाणी बसतं. वर मातीचा उतरता चौथरा केला आणि तारेच्या ओढीच्या बाजूनं तिरका टेकू दिला. उरलेल्या रांगेत मृगाच्या आधी पांगारा लावीन. तोवर वालाला तार आणि काटे दोन्ही.