पेट्रोल कोठे अडले?

चावी फिरवली, स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही पेटले नाही. हा अनुभव मोटारीइतकाच जुना आहे. मात्र अशा वेळी बॉनेट उघडून मेकॅनिक जे काही करतो, ते १९६७ नंतर हळूहळू पार बदलून गेले. एखादे यंत्र कोणी व केव्हा बनवले याच्या नोंदी भरपूर सापडतात. ते बिघडल्यावर दोष हुडकण्याची रीत कशी घडली, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. वर्गात शास्त्रीय पद्धत शिकवताना हा दुसरा इतिहास आम्हाला अधिक उपयोगी वाटतो.

आधी कार्बुरेटर पाहू. इंजिन हवा ओढून घेते आणि त्या झोताबरोबर पेट्रोलही खेचले जाते. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावे लागते. त्यासाठीच चोक ओढायचा. सारा कारभार डोळ्यांदेखत चाले. फ्लोट अडकला, जेटमध्ये कचरा बसला, पेट्रोल जास्त झाले, तर झाकण काढून, वास घेऊन, जेट फुंकून ते समजे. हात बसलेला मेकॅनिक कारण न सांगताही गाडी सुरू करून देई.

हे काम विजेवर सोपवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने केला. तिची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ यंत्रणा १९५८ साली क्रायस्लरच्या सुमारे ३५ गाड्यांवर बसली. पण ती इतका त्रास देऊ लागली, की त्यांतील बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बुरेटर लावावे लागले. पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीने बेंडिक्सच्या पेटंटांचा परवाना घेतला. तोवर ट्रान्झिस्टर भरवशाचे झाले होते. शिवाय १९६८ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत धुराड्यातून निघणाऱ्या वायूंवर देशव्यापी मर्यादा येणार होत्या. या निकडीतून १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीवर बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ आली. ‘डी’ म्हणजे ‘द्रुक’. जर्मन भाषेत दाब.

तिची रचना अशी : विजेचा पंप पेट्रोलचा दाब सुमारे दोन बार ठेवतो. प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर असतो, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी बारीक झडप. ती सेकंदाचे काही हजारांश भाग उघडी राहते. किती वेळ उघडी ठेवायची हे एक बंद पेटी ठरवते. त्यासाठी पेटीला आत येणाऱ्या हवेचा दाब व इंजिनाचे तापमान कळावे लागते आणि केव्हा उघडायची याचा इशारा डिस्ट्रिब्युटरमधील खास संपर्क-पट्ट्यांकडून मिळतो. पेटी इंजिन पाहत नाही. तारांमधून येईल ते खरे मानते.

येथेच मेकॅनिकची पंचाईत झाली. पेटी उघडून काही दिसत नव्हते, फुंकायला जेट नव्हता. मग महागडी पेटी बदलून पाहायची, किंवा सगळे काढून कार्बुरेटर बसवायचा, असे प्रकार घडत. प्रत्यक्षात दोष बहुधा पेटीच्या बाहेर असे. तो सापडायचा तर आधी कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवणे भाग पडले.

पहिला प्रश्न ठिणगीचा, कारण या गाडीत प्रज्वलनाची यंत्रणा जुनीच होती आणि तिचा पेटीशी संबंध नव्हता. ठिणगीच नसेल तर इंजेक्शनवर संशय घेण्याचे कारण नाही. दुसरी परीक्षा कानाची. चावी नुसती चालू केली, की पंप एक-दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो; इंजिन फिरत नसताना पेट्रोल ढकलत राहू नये म्हणून ही सोय. गुणगुण नाही, तर फ्यूज, रिले, तारा किंवा पंप. गुणगुण आहे पण दाबमापकाचा काटा हलत नाही, तर तुंबलेला फिल्टर किंवा निकामी पंप. दाब ठीक असेल तर स्टार्टर मारताना इंजेक्टरची टिकटिक ऐकायची. एकही वाजत नसेल तर संपर्क-पट्ट्या किंवा पेटीचा अर्थिंगचा जोड पाहायचा. गंजलेल्या एका जोडापायी किती पेट्या विनाकारण बदलल्या गेल्या असतील कोण जाणे!

सर्वांत बोधप्रद दोष तापमानाच्या संवेदकाचा. हा एक थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विद्युतरोध घटतो. २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. आता त्याची तार तुटली असे समजा. रोध अनंत झाला. पेटीच्या लेखी इंजिन भयंकर गारठलेले आहे; ती पेट्रोलचा मारा करते, स्पार्क प्लग भिजतात आणि गाडी सुरू होत नाही. पेटीचे गणित अचूक, पण तिला मिळालेली बातमी खोटी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा थर्मिस्टर, मल्टिमीटर, बर्फ आणि गरम पाणी एवढ्यावर हा प्रयोग वर्गात करता येतो. (पेट्रोल मात्र वर्गात नको.)

१९७० च्या दशकात बॉशच्याच ‘एल-जेट्रॉनिक’मध्ये आत येणारी हवा एका झुलत्या झडपेने मोजली जाऊ लागली. तिच्या अनेक गाड्यांत पंपाचा खटका त्या झडपेलाच जोडलेला असे. स्टार्टर फिरत असेतो पंप वेगळ्या मार्गाने चाले. नंतर झडप हलली तरच. त्यामुळे हवेची रबरी नळी पुढे कोठे फाटली, तर हवा झडपेला टाळून आत शिरे. गाडी सुरू होई आणि चावी सोडताच बंद पडे. पेट्रोल अडण्याचे कारण हवेच्या नळीत!

पुढे पेटीच आपले दोष नोंदवू लागली. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलांपासून ही सोय सक्तीची झाली. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकसारखी सांकेतिक भाषा आली. आपल्याकडे भारत स्टेज दोनचे नियम दिल्ली परिसरात २००० साली आणि मुंबईत २००१ साली लागू झाले. मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवणाऱ्या गाड्या त्याच काळातल्या.

पण संकेत म्हणजे निदान नव्हे. ‘पी ०११८’ हा संकेत इतकेच सांगतो, की शीतक पाण्याच्या तापमानाच्या मंडलात विद्युतदाब फार जास्त आहे. संवेदक मेला की तार तुटली, हे पेटीला कळू शकत नाही. मेकॅनिक संवेदकाचा प्लग काढतो, त्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडतो आणि उपकरणावर पाहतो. आकडा अतिथंडावरून अतिगरमावर उडाला, तर पेटी व तारा शाबूत आहेत, संवेदक बदलायचा. ढिम्म राहिला, तर तार तपासत पेटीपर्यंत जायचे.